टाकी भरल्याचा अलार्म काल वाजत होता, आज वाजत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

"मॅडम, काल घरी वाजत होतं. आईला विचारा हवं तर."

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की प्रयोगशाळेच्या दारात हे वाक्य येऊन उभं राहतं. हातात पुठ्ठ्याचं घर, वर प्लास्टिकच्या डब्याची टाकी, टाकीत सोडलेल्या दोन तारा, खाली गप्प बसलेला बझर, आणि डोळे भरून आलेले. पाण्याची टाकी भरली की वाजणारा अलार्म हे आठवी-नववीच्या मुलांचं फार लाडकं उपकरण. सामान शंभर-दीडशे रुपयांत येतं, आणि टाकी भरून वाहिली म्हणून घरात रोज आरडाओरडा होत असतो, त्यामुळे त्याची गरज मुलांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. गेली बारा वर्षं मी हे उपकरण मुलांबरोबर बसवते आहे आणि बिघडलं की मुलांबरोबरच दुरुस्त करते आहे. बिघाड दर वर्षी तेच असतात.

मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे बाबा, दुरुस्तीची सुरुवात नवा ट्रान्झिस्टर (बझर चालू करणारा तीन पायांचा छोटा भाग) आणून करतात. त्यात काय होतं? ट्रान्झिस्टर बदलायला डाग, म्हणजे कथलाचा जोड, काढावा लागतो, डाग काढताना खालची तांब्याची पट्टी उचकटते, आणि एक बिघाड होता तिथे दोन होतात. माझ्याकडे आलेल्या उपकरणांत ट्रान्झिस्टर खरोखर गेलेला फार थोड्या वेळा निघाला. बाकी सगळा घोळ बॅटरी, तारा आणि पाणी यांत असतो. म्हणून फुकट आणि सोपं ते आधी, खर्चाचं आणि अवघड ते शेवटी, या क्रमानं मी इथे लिहिते आहे.

आधी लक्षण नीट बघा

"चालत नाही" एवढं सांगून भागत नाही. मी मुलाला पहिल्यांदा विचारते, नक्की काय होतंय ते सांग. उत्तर यातलं एखादं असतं.

पाणी लागलं तरी काहीच होत नाही, एलईडीसुद्धा लागत नाही.
एलईडी लागतो, पण बझर गप्प.
बझर फक्त एकदा "टक्" करतो आणि संपलं.
आवाज येतो, पण डास गुणगुणल्यासारखा.
सुरुवातीला छान वाजतो, दहा-पंधरा मिनिटांनी विझत जातो.
तार हलवली की वाजतो, सोडली की बंद.
टाकी रिकामी असतानाही वाजतच राहतो.
ट्रान्झिस्टरला बोट लावलं तर चटका बसतो.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काही न वाचता आधी बॅटरी काढा. बाकीच्यांसाठी बॅटरी काढायची घाई नाही.

जोडणी मुळात कशी आहे

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून एक तार बझरच्या धन पायाला जाते. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: कलेक्टर, बेस आणि एमिटर. बझरचा ऋण पाय कलेक्टरला. एमिटर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. पाण्यात सोडायच्या दोन तारांपैकी एक बॅटरीच्या धन टोकाला, आणि दुसरी १ किलोओहमच्या (हजार ओहमच्या) रेझिस्टरमधून, म्हणजे वीज अडवणाऱ्या छोट्या भागातून, ट्रान्झिस्टरच्या बेसला. ट्रान्झिस्टर बीसी ५४७, दोन-चार रुपयांना मिळणारा.

पाणी दोन्ही तारांना टेकलं की पाण्यातून अगदी थोडी वीज बेसपर्यंत पोचते, अर्धा मिलिअँपिअरसुद्धा नाही. तेवढ्यानं बझर वाजत नाही. ट्रान्झिस्टर त्या बारीकशा प्रवाहाच्या दोनशे-तीनशे पट प्रवाह कलेक्टरमधून सोडू शकतो, म्हणून बझर वाजतो. धरणाच्या दाराची कळ एक माणूस हातानं फिरवतो आणि दारातून नदी सुटते, असं मी वर्गात सांगते.

बझरला समांतर एक लाल एलईडी, त्याच्या मागे १ किलोओहमचा रेझिस्टर, एवढं माझ्या वर्गातली सगळी मुलं जोडतात. दिसायला छान दिसतो, पण खरा उपयोग दुरुस्तीत होतो. एलईडी लागला आणि बझर गप्प राहिला, तर दोष बझरमध्ये किंवा त्याच्या पायांत. दोन्ही गप्प, तर मागे शोधायचं. तुमच्या उपकरणात एलईडी नसेल तर आजच जोडा.

पहिली तपासणी: तारांची टोकं एकमेकांना टेकवा

एक पैसा खर्च नाही, पाच सेकंदांचं काम, आणि अर्धा प्रश्न इथेच सुटतो. टाकीतल्या दोन्ही तारा बाहेर काढा, कोरड्या करा आणि टोकाला टोक टेकवा.

पण त्याआधी बेसच्या वाटेवर १ किलोओहमचा रेझिस्टर आहे ना, ते डोळ्यांनी बघून घ्या. तो नसेल तर टोकं मुळीच टेकवू नका. रेझिस्टर असेल तर टोकं टेकल्यावर बेसमधून साधारण ८ मिलिअँपिअर जातात, त्यानं काही बिघडत नाही. नसेल तर बॅटरी सरळ बेसवर येते आणि ट्रान्झिस्टर क्षणात जातो. पाणी मध्ये असतं तेव्हा पाणीच रेझिस्टरचं काम करतं, त्यामुळे रेझिस्टर विसरलेलं उपकरण दिवसचे दिवस छान चालतं. मग एक दिवस कुणीतरी मित्राला दाखवायला टोकं टेकवतो. गेलेले ट्रान्झिस्टर माझ्याकडे आले ते बहुतेक या एकाच वाटेनं. नवा बसवला, रेझिस्टर तसाच राहिला, की पुढच्या मित्रासमोर नवाही जातो.

टेकवल्यावर खणखणीत वाजलं तर बॅटरी, बझर, ट्रान्झिस्टर, डाग, सगळं ठीक आहे. सर्किटला हात लावू नका. दोष पाण्यात किंवा पाण्यात बुडणाऱ्या टोकांत आहे, खालचं पाण्याचं प्रकरण आधी वाचा. नाही वाजलं तर पाण्याचा विचार सोडून द्या आणि बॅटरीपासून सुरुवात करा.

बॅटरी आणि तिची टोपी

आधी टोपी, म्हणजे बॅटरीवर टच्कन बसणारं कनेक्टर. त्याच्या दोन तारा मुलं धरून ओढतात, आणि तार आतल्या आत तुटते. बाहेरचं प्लास्टिक शाबूत, म्हणून दिसत काहीच नाही. टोपीजवळची तार दोन बोटांत धरून हळू वाकवा. वाकवताना बझर क्षणभर बोलला तर तुटकी जागा सापडली. नवी टोपी पाच-दहा रुपयांत येते, जुनीला चिकटपट्टी लावत बसू नका. टोपीची पाकळ्यांची बाजू सैल झाली असेल तर पक्कडीनं पाकळ्या अगदी थोड्या आत दाबा.

मग बॅटरी. ही चौकोनी बॅटरी म्हणजे दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एका डबीत. सेल छोटे असल्यामुळे त्यांचा दम कमी. नुसता मीटर (वीज मोजायचा मल्टीमीटर) लावून बघितला तर दमलेली बॅटरीही साडेआठ दाखवते, आणि मूल म्हणतं, "मॅडम, बॅटरी चांगली आहे." बझर जोडलेला असताना, म्हणजे टोकं टेकवलेली असताना मोजा. तेव्हा आकडा ७ च्या खाली घसरला तर ती बॅटरी संपली असं समजा. सुरुवातीला छान वाजून मग विझत जाणारा आवाज बहुतेक वेळा हेच सांगत असतो. थोडी विश्रांती मिळाली की ती पुन्हा जराशी सावरते, म्हणून "सकाळी वाजत होतं" हेही खरं असतं.

प्रदर्शनात दिवसभर दाखवायचं असेल तर मी चौकोनी बॅटरी वापरूच देत नाही. रिमोट-घड्याळातले सहा पेन्सिल सेल एका खोक्यात बसवले की तेच ९ व्होल्ट मिळतात आणि कितीतरी जास्त टिकतात.

मीटरबद्दल एक सूचना. तो अँपिअरच्या खुणेवर ठेवून कधीही बॅटरीला लावू नका. आतला फ्यूज उडतो आणि त्यानंतर मीटर प्रवाह मोजायला निकामी.

बझर

बझरची एक तार सोडवून तो सरळ बॅटरीला लावा, अधिक खूण धन टोकाला. वाजला तर बझर चांगला. उलटा लावून वाजला नाही म्हणून घाबरू नका, तो एकाच बाजूनं वाजतो. लांब पाय म्हणजे धन.

फक्त "टक्" झालं तर दुकानदारानं वेगळ्या जातीचा बझर दिला आहे. दिसायला दोन्ही सारखेच, काळी डबी आणि वर भोक. एका जातीत आवाज काढणारं छोटं सर्किट आतच असतं, त्याला बॅटरी लावली की तो बोलतो. दुसऱ्या जातीत आत नुसतं वेटोळं असतं. त्याला सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारी वीज लागते, ती आपल्या उपकरणात नाही. मीटर ओहमवर लावला की वेटोळ्याचा बझर ८ किंवा १६ ओहमच्या आसपास दाखवतो. एवढ्या कमी रोधातून बीसी ५४७ च्या ताकदीबाहेरचा प्रवाह ओढला जातो. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअरची. ट्रान्झिस्टर तापून चटका बसण्यामागे हे एक मोठं कारण आहे. असा बझर बदलायलाच हवा, त्याला दुरुस्ती नाही. दुकानात घेतानाच "बॅटरी लावून वाजवून दाखवा" म्हणायचं. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, कुठेही सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

नव्या बझरच्या भोकावर गोल कागद चिकटवलेला असतो, तो काढा. तेवढ्यानंही आवाज दुप्पट झालेला मी पाहिला आहे.

पाणी

टोकं टेकवल्यावर वाजतं आणि पाण्यात वाजत नाही, त्यांच्यासाठी हा भाग. हाच सगळ्यात जास्त फसवतो.

दोन वर्षांपूर्वी आमची नववीची एक मुलगी प्रदर्शनात उभी होती. शाळेतल्या नळाच्या पाण्यावर तिचा अलार्म पन्नास वेळा वाजला होता. त्या दिवशी प्रदर्शनाच्या जागी नळाला पाणी नव्हतं, म्हणून तिनं पिण्याच्या जारमधलं पाणी टाकीत ओतलं. परीक्षक समोर, आणि बझर अगदी बारीक कुणकुणला. ती बॅटरी बदलायला धावली. मी तिला म्हटलं, "बॅटरी राहू दे, जेवणाच्या डब्यातलं मीठ आहे का?" दोन बोटांच्या चिमटीत येईल एवढं मीठ पाण्यात पडलं, तिनं तारेनंच ढवळलं आणि मांडवातले लोक वळून बघायला लागले.

कारण साधं आहे. वीज वाहते ती पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. फिल्टरच्या पाण्यातले क्षार यंत्रानं काढून टाकलेले असतात. आमच्या बोअरच्या पाण्यात दोन तारांमध्ये मीटर पंधरा-वीस हजार ओहमच्या आसपास दाखवतो, आकडा एका जागी थांबत नाही, पण अंदाज येतो. जारच्या पाण्यात तोच काही लाखांवर जातो. तीन लाख ओहमचा हिशोब करून बघा: ९ व्होल्टमधून बेसचे पाऊण व्होल्टच्या आसपास वजा केले की राहिलेल्या सव्वाआठ व्होल्टना बेसमध्ये जेमतेम ०.०३ मिलिअँपिअर ढकलता येतात. दोनशेपट केले तरी सहा मिलिअँपिअरही होत नाहीत, आणि आमच्या पेटीतल्या बझरला नीट वाजायला वीस लागतात. म्हणून कुणकुण. पिण्याच्या पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकाची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडच्या कितीतरी बोअरचं पाणी ती ओलांडतं. प्यायला वाईट, पण या उपकरणाला मात्र सोयीचं.

मीठ हा प्रदर्शनापुरता उपाय आहे. घरच्या टाकीत मीठ टाकता येत नाही. तिथे पाणी खरोखरच गोडं असेल तर एकाऐवजी दोन बीसी ५४७ जोडावे लागतात: दोघांचे कलेक्टर एकत्र, पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला. मग दोनशेचे दोनशेपट होतात आणि फिल्टरच्या पाण्यातही खणखणीत वाजतं.

आता तारांची टोकं. त्या हातात घ्या आणि उजेडात धरा. धन टोकाला जोडलेल्या तांब्याच्या तारेवर हिरवट-निळसर थर दिसेल, बोटानं घासला तर पूड निघते. ऋण बाजूची, म्हणजे बेसकडे जाणारी तार मात्र बऱ्यापैकी स्वच्छ असते. टाकी भरलेली आणि अलार्म चालू असताना वाकून बघा, त्या दुसऱ्या तारेवर अगदी बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. तो हायड्रोजन आहे. पाण्यातून एकाच दिशेनं वीज गेली की धन तारेचं तांबं झिजून पाण्यात उतरतं आणि तारेवर क्षारांचा थर बसतो. थर बसला की वीज अडते. मुलं रात्री टाकी भरलेली ठेवतात, आवाज नको म्हणून फक्त बझरची तार काढतात, बॅटरी तशीच. पाण्यातून रात्रभर वीज जातच राहते, आणि सकाळी शाळेत आणलं की वाजत नाही. "काल वाजत होतं" याचं खरं उत्तर कितीतरी वेळा या हिरव्या पुडीत मिळालं आहे.

पॉलिश पेपरनं टोकं घासून चकचकीत करा, लगेच वाजेल. कायमचा उपाय हवा असेल तर पाण्यात तांबं ठेवूच नका. स्टीलचे दोन स्क्रू वापरा, किंवा संपलेल्या पेन्सिल सेलमधली काळी कार्बनची कांडी. कांडी मोठ्या माणसानं काढून द्यावी आणि हात धुवावेत. सेलमधली काळी पूड डोळ्यांत, तोंडात जाता कामा नये, आणि गळणारा सेल तर फोडूच नका.

टाकी रिकामी, तरी वाजतंय

पाण्यातल्या दोन्ही तारा सर्किटकडच्या टोकाला सोडवा. आवाज बंद झाला तर दोष पाण्याकडच्या बाजूला. चालूच राहिला तर ट्रान्झिस्टर उलटा बसला आहे किंवा आतून जुळून गेला आहे, नाहीतर दोन डाग एकमेकांना चिकटले आहेत.

पाण्याकडच्या बाजूला बहुतेक वेळा ओल असते. दोन्ही तारा एकाच थर्माकोलच्या तुकड्यातून, बोटभर अंतरावर खाली सोडलेल्या असतात. पाणी ओतताना थेंब उडतो, तारांच्या मध्ये एक ओला पापुद्रा राहतो आणि तोच वीज वाहून नेतो. मीठ घातलेलं पाणी असेल तर वाळल्यावर मिठाची रेघ राहते आणि दमट हवेत ती पुन्हा ओल धरते. गोड्या पाण्यानं पुसून कोरडं करा. तारा टाकीच्या समोरासमोरच्या कडांना लावा, म्हणजे मध्ये पाण्याशिवाय दुसरी वाटच उरणार नाही.

एवढं करूनही पावसाळ्यात बारीक कुणकुण येत असेल तर बेस आणि एमिटरच्या मध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर घाला. ओलीतून येणारा अगदी थोडा प्रवाह त्या वाटेनं निघून जातो, बेसपर्यंत जोर पोचत नाही. खरं पाणी लागलं की प्रवाह त्याच्या कितीतरी पट येतो, त्यामुळे अलार्मला अडथळा होत नाही. आठ आण्याच्या या रेझिस्टरनं माझे खूप फेरे वाचवले आहेत.

ब्रेडबोर्ड, मग ट्रान्झिस्टरचे पाय

ब्रेडबोर्डवर, म्हणजे डाग न देता भोकांत पाय खुपसून जोडणी करायच्या पाटीवर, बसवलं असेल तर तीन गोष्टी. मधल्या भागातल्या आडव्या ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात, म्हणून ट्रान्झिस्टरचे तिन्ही पाय तीन वेगळ्या ओळींत हवेत. दोन पाय एका ओळीत गेलेले मी दर वर्षी बघते. दुसरं, मधल्या खाचेच्या अल्याड-पल्याडची भोकं जोडलेली नसतात. तिसरं कुणी सांगत नाही: लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या पुष्कळदा मध्यावर तुटक असतात. रंगीत रेघ मध्यावर थांबलेली दिसली तर तिथे वीजही थांबते. एक छोटी तार टाकून दोन्ही भाग जोडा.

एक तार हलवली की वाजतं, असं असेल तर ते भोक सैल झालं आहे. शेजारचं भोक वापरा. प्रदर्शनात नेताना रिक्षात, एसटीत हादरे बसतात, म्हणून मी शेवटचं उपकरण ब्रेडबोर्डवर ठेवू देत नाही, झीरो पीसीबीवर (भोकं आणि तांब्याच्या पट्ट्या असलेल्या पाटीवर) डाग देऊन घेते.

आता ट्रान्झिस्टर. त्याची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली. बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बीसी ५४८ चं तसंच. पण दुकानात ५४७ नाही म्हणून २एन ३९०४ दिला असेल तर क्रम बरोबर उलटा, डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी ५५७ दिला असेल तर तो जातीनंच वेगळा, इथे चालणार नाही, आणि दिसतो मात्र हुबेहूब. अंगावरचा आकडा फार बारीक असतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठा करून वाचा. कलेक्टर-एमिटरची अदलाबदल झालेला ट्रान्झिस्टर पूर्ण गप्प बसत नाही, थोडासा चालतो, त्यामुळे मुलं बॅटरीला दोष देत राहतात.

रेझिस्टरचे रंगही इथेच बघून घ्या. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलोओहम. लाल आणि नारिंगी ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात, खिडकीशी नेऊन बघा किंवा मीटरनं मोजा.

आता मीटरनं तीन ठिकाणी मोजा

इथपर्यंत येऊनही बंदच असेल तर दोनशे-अडीचशे रुपयांचा साधा मल्टीमीटर लागतो. मीटर मुलाच्या हातात द्या, तुम्ही आकडे लिहून घ्या. हात मुलाचा असला की आकड्याचा अर्थ त्याला स्वतःला कळतो.

काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला कायम ठेवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. पाण्याच्या तारांची टोकं टेकवलेली. लाल तारेनं आधी बॅटरीचं धन टोक, मग बेस, मग कलेक्टर.

बेसवर ०.७ ते ०.८ च्या आसपास आणि कलेक्टरवर ०.३ पेक्षा कमी: ट्रान्झिस्टर त्याचं काम करतो आहे, दोष बझर किंवा त्याच्या तारेत. बेसवर शून्य: वीज बेसपर्यंत येतच नाही, रेझिस्टर किंवा त्याचा डाग बघा. बेसवर ०.७ आणि कलेक्टरवर पूर्ण ९: पाय चुकले आहेत किंवा ट्रान्झिस्टर गेला. बेसवर दोन-चार व्होल्ट किंवा त्याहून जास्त: एमिटरची तार ऋण टोकापर्यंत पोचत नाही. ती पोचत असेल, तरच ट्रान्झिस्टर आतून जळला असं म्हणा.

काढलेला ट्रान्झिस्टर मीटरच्या डायोडच्या खुणेवर तपासा. लाल तार बेसवर ठेवली की उरलेल्या दोन्ही पायांवर सहाशे ते सातशेचा आकडा यायला हवा. तारा उलट केल्या की काहीच नको. कलेक्टर-एमिटरमध्ये कुठल्याच बाजूनं काही नको. यात बसला नाही तर तो फेकून द्या, आणि नवा बसवण्याआधी १ किलोओहमचा रेझिस्टर जागेवर आहे का ते पुन्हा बघा.

डाग

कच्चा डाग मळकट, दाणेदार आणि गोळ्यासारखा दिसतो. चांगला डाग पायाभोवती उतरत्या टेकडीसारखा पसरतो. कच्चा डाग होतो कारण मुलं कथील सोल्डरिंग गनच्या (डाग द्यायच्या तापत्या अवजाराच्या) टोकावर वितळवतात आणि थेंब पायावर सोडतात. गनचं टोक पाय आणि पट्टी या दोघांना एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा, मग कथील त्या तापलेल्या पायाला लावा, गनला नाही. ट्रान्झिस्टरच्या पायावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ गन ठेवू नका. २५ वॉटची गन पुरते. खिडकी उघडी, मोठं माणूस शेजारी, आणि काम झाल्यावर साबणानं हात धुणं सक्तीचं, कारण नेहमीच्या कथलात शिसं असतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बॅटरी, बझर, तारा, पाय, डाग, सगळं बघून झालं, एक नवा ट्रान्झिस्टरही घालून झाला आणि तरी बंदच, तर दुसरा नवा ट्रान्झिस्टर घालू नका. तासभराच्या वर एका सर्किटशी झुंजत बसलं की डोळे तेच तेच बघतात. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या गावातल्या माणसाकडे किंवा आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या निदेशकांकडे ते जसंच्या तसं न्या. मुलाला बरोबर न्या, त्यांनी काय केलं ते त्याला बघू द्या.

बॅटरी फुगली, गळायला लागली किंवा हाताला गरम लागली तर तपासणी तिथेच बंद. ती पुन्हा वापरायची नाही.

बॅटरी सारखी संपते म्हणून कुणी भिंतीचा अडॉप्टर लावायचं सुचवेल. लावू नका. या उपकरणाच्या दोन उघड्या तारा पाण्यात आहेत आणि त्या पाण्यात मुलांचे हात जातात. स्वस्त अडॉप्टरच्या आत बिघाड झाला तर २३० व्होल्ट त्या पाण्यापर्यंत येऊ शकतात. पाण्यात तार सोडलेलं शाळेचं उपकरण फक्त बॅटरीवर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अलार्म छान वाजायला लागला की हुशार मुलाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, टाकी भरली की मोटर आपोआप बंद झाली तर?" प्रश्न उत्तम आहे, त्याला शाबासकी द्या. प्रतिकृतीत ३ व्होल्टची खेळण्यातली मोटर लावून तो करून दाखवू द्या. पण घरच्या पाण्याच्या मोटरच्या तारेला, तिच्या स्टार्टरला, बटणाला त्यानं हात लावायचा नाही, आणि तुम्हीही शिक्षक म्हणून लावायचा नाही. ते परवानाधारक वायरमनचं काम. घरच्या टाकीवर अलार्म बसवायचा असेल तर गच्चीवर, टाकीवर मोठ्या माणसानंच चढावं. अलार्मची तार मोटरच्या केबलबरोबर एकाच पाइपातून खाली आणू नये, वेगळ्या वाटेनं आणावी, म्हणजे मोटरच्या केबलचं कवच कुठे खरचटलं तरी तो झटका पाण्यातल्या तारांपर्यंत पोचणार नाही.